काउंटरवरचा काळा पडदा आणि ब्राउझरमधले नवे सॉफ्टवेअर

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. बडोद्याच्या रावपुऱ्यात विद्युत साहित्याची घाऊक पेढी, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) कंट्रोल पॅनेल बनवणारा छोटा कारखाना, दोन्हीकडे मिळून २२ माणसे, आणि बिले, माल व उधारी यांचा सारा हिशेब पंचवीसेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या प्रोग्रामरने फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साधनात लिहून दिलेल्या प्रणालीवर. आता एका विक्रेत्याने ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर दाखवले आहे, ज्यात आलेख आपोआप बदलतात, ऑर्डर माउसने ओढून एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात नेता येते आणि तेच सारे मोबाइलवरही दिसते. आपल्याला ते पसंत आहे. वडिलांचे म्हणणे असे की जुन्या प्रणालीच्या काळ्या पडद्यावर बिल जितक्या झपाट्याने होते तितके यावर होणार नाही. आणि इंटरनेट बंद पडले तर दुकान कसे चालवायचे, याचे धड उत्तर विक्रेत्याने दिलेले नाही.

मी वीसहून अधिक वर्षे बडोद्यातील आणि आसपासच्या पेढ्यांना व कारखान्यांना अशी सॉफ्टवेअरे लिहून देण्याचे आणि बसवून देण्याचे काम करतो. ‘नवे घ्यावे की जुनेच ठेवावे’ असा प्रश्न विचारला की घरात वाद होतो आणि उत्तर मात्र मिळत नाही, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. आपण आणि वडील दोघेही बरोबर आहात, कारण दोघे वेगवेगळ्या खुर्च्यांकडे पाहून बोलत आहात. वडिलांच्या डोळ्यांसमोर काउंटरवरचा मुलगा आहे, ज्याच्यापुढे गिऱ्हाईक ताटकळत उभे आहे. आपल्या डोळ्यांसमोर कारखान्यातला सुपरवायझर आहे, ज्याला कोणत्या पॅनेलचा कोणता कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) अजून आलेला नाही हे कळण्यासाठी तीन जणांना फोन करावे लागतात. निर्णय साऱ्या पेढीसाठी एकदम घेऊ नये, एकेका खुर्चीचे काम पाहून घ्यावा, असे माझे मत आहे.

विक्रेते ज्याला ‘इंटरॅक्टिव्ह’, म्हणजे संवादी, म्हणतात ते नेमके काय, हे दोन वाक्यांत सांगणे भाग आहे. पूर्वीच्या वेबपृष्ठावर एखादे बटण दाबले की सर्व माहिती सर्व्हरकडे, म्हणजे ती साठवणाऱ्या मुख्य संगणकाकडे, जाई आणि सबंध पृष्ठ नव्याने परत येई. १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये अशी सोय आली की पृष्ठ जागेवर ठेवून हवा तेवढाच तुकडा मागवता येऊ लागला. ही सोय मुळात मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेलच्या वेब-आवृत्तीसाठी केली होती, पण तिचा खरा उपयोग लोकांना दिसला तो २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर, आणि २००५ मध्येच या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच की विचार न तोडता काम पुढे नेता येते. पडद्याने एक दशांश सेकंदात प्रतिसाद दिला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, एक सेकंदापर्यंत थांबणे जाणवते पण विचाराची लय टिकते, आणि दहा सेकंद गेले की माणूस खिशातला मोबाइल काढतो. आलेख किती रंगीत आहे यापेक्षा मी ही लय कुठे तुटते ते पाहतो.

त्यासाठी माझी पद्धत फार साधी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. दुकानातल्या आणि कारखान्यातल्या फोनशेजारी एकेक वही टांगावी आणि आठवडाभर आतल्या आत झालेला प्रत्येक फोन कशासाठी झाला ते एका ओळीत लिहायला सांगावे. आपल्यासारख्याच एका पेढीत आम्ही हे केले तेव्हा बहुतेक फोन तीनच प्रश्नांचे निघाले: अमुक माल गोदामात आहे का, अमुक ऑर्डर कुठपर्यंत आली, आणि अमुक गिऱ्हाइकाला आणखी उधारी द्यायची का. हे तिन्ही प्रश्न असे आहेत की उत्तर एका माणसाजवळ असते आणि गरज दुसऱ्याला असते. अशा ठिकाणी संवादी वेब-सॉफ्टवेअर खरोखर पैसे वाचवते, कारण एकच माहिती एकाच वेळी अनेकांना दिसते आणि एकाने बदललेली दुसऱ्याच्या पडद्यावर आपोआप बदलते. ज्या खुर्चीवरून असा एकही फोन होत नाही, तिथे नव्या पडद्याने फार काही मिळणार नाही.

आपल्या कारखान्याची खुर्ची या कसोटीवर ठामपणे नव्याच्या बाजूने झुकते. एका पॅनेलसाठी शेकडो सुटे भाग लागतात, त्यांतले काही दुकानातून येतात, काही बाहेरून, आणि पत्र्याच्या पेट्या पावडर कोटिंगला (रंगाचा थर द्यायला) जॉबवर्कवर, म्हणजे बाहेरच्या कारागिराकडे, जातात. कोणते पॅनेल कशासाठी अडले आहे हे एका नजरेत दिसणारा, भाग आला की स्वतःच रंग बदलणारा पडदा सुपरवायझरला खरोखर उपयोगी पडेल. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल जीएसटी कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो, आणि चलानांच्या फायलीत हे लक्षात ठेवणे अवघड असते. दिवस मोजणारा रकाना पडद्यावर असला तर हिशेबाचे महेताजीही दुवा देतील. खरेदी पाहणारा माणूस, बाहेर फिरणारे विक्री प्रतिनिधी आणि आपण स्वतः, यांच्या बाबतीतही माझे मत हेच आहे.

काउंटरची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. एका घाऊक दुकानात आम्ही मोठ्या हौसेने बिलाचा नवा पडदा बसवला. पहिल्याच दिवशी अर्धवट बिले जतन होऊ लागली. कारण असे की फॉक्सप्रोत आणि टॅलीतही एंटर दाबले की पुढच्या रकान्यात जाता येते, तर ब्राउझरच्या फॉर्ममध्ये एंटर म्हणजे सहसा ‘पाठव’. वर्षानुवर्षे बसलेली बोटांची सवय सूचनापत्रक वाचून बदलत नाही. दुसऱ्या आठवड्यात नगसंख्येत एक-दोनचा फरक येऊ लागला, आणि तो शोधायला आम्हाला दोन दिवस लागले: अंकाच्या रकान्यात कर्सर असताना पान खाली सरकवण्यासाठी कोणी माउसचे चाक फिरवले तर काही ब्राउझरांत तो अंकच कमी-जास्त होतो. माणसाला वाटे पान सरकले, आणि प्रत्यक्षात १० चे ९ झालेले असत.

तिसरी चूक सर्वांत घातक होती. मालाच्या नावाची अक्षरे टाइप करताच खाली यादी येण्याची सोय आम्ही केली होती, आणि प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे एक मागणी जात होती. इंटरनेटची लाइन मंद असली की आधीच्या अक्षराचे उत्तर नंतरच्या उत्तराच्या मागून येई, यादी ऐन निवडीच्या क्षणी बदले, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीऐवजी (वीज तोडणाऱ्या स्विचऐवजी) ३२ अँपिअरची बिलात पडे. चूक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची, म्हणजे माझीच होती. उशिरा आलेले जुने उत्तर टाकून द्यायचे असते, हे मला तेव्हा पुरते उमगलेले नव्हते. शिवाय विद्युत साहित्याच्या दुकानात काही हजार वस्तू असतात. एवढी यादी सकाळी एकदाच ब्राउझरमध्ये उतरवून घेतली तर दिवसभर शोध तिथल्या तिथे, सर्व्हरला न विचारता होतो आणि वेग काळ्या पडद्याच्या बरोबरीला येतो. म्हणजे वडिलांचा आक्षेप खोडून काढण्याजोगा आहे, पण विक्रेत्याने काउंटरचा पडदा माउसविना, केवळ कीबोर्डवर चालेल असा मुद्दाम घडवला असेल तरच. ज्या पडद्यावर ऑर्डर ओढून नेता येते तोच पडदा बिलासाठीही वापरा, असे तो म्हणत असेल तर नम्रपणे नकार द्यावा.

आता इंटरनेट. ब्राउझरमध्ये चालणारे म्हणजे इंटरनेटवरच चालणारे, असा समज सर्वत्र आहे आणि तो खरा नाही. सर्व्हर दुकानातल्याच एका संगणकावर ठेवला तर बाहेरची लाइन तुटली तरी दुकानातल्या वायरवरून काउंटर चालू राहतो. अडचण फक्त मकरपुऱ्याच्या कारखान्याची होते, कारण त्याला दुकानातल्या सर्व्हरपर्यंत यावे लागते. याउलट सर्व्हर बाहेरच्या क्लाउडवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या भाड्याच्या संगणकावर, ठेवला तर बॅकअप, वीज आणि यंत्र बिघडणे यांची काळजी मिटते, पण दोन्ही ठिकाणे लाइनवर अवलंबून राहतात. आपल्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस नसेल, आणि २२ जणांच्या पेढीत तो सहसा नसतो, तर मी क्लाउडच सुचवीन. मात्र दुकानात दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्याव्यात आणि तिसरा आधार म्हणून मोबाइलचे डोंगल ठेवावे. दोन लाइन एकाच वाटेने येत नाहीत ना, एवढे डोळ्यांनी पाहून घ्यावे. रस्ता खोदताना दोन्ही एकदम तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

लाइन पूर्ण बंद असतानाही बिल करता यावे अशी सोय ब्राउझरमध्ये आज करता येते, पण ती ‘आहे’ असे विक्रेत्याने म्हणणे पुरेसे नाही. खरी मेख बिलाच्या क्रमांकात असते. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा. दोन काउंटर लाइनविना असताना दोघांनीही पुढचा एकच क्रमांक घेतला तर गोंधळ ठरलेला. त्याच नियमात एकाहून अधिक मालिका ठेवण्याची मुभा आहे, म्हणून प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका द्यावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही. मात्र आपली वार्षिक उलाढाल २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही वर्षी ५ कोटी रुपयांच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी सरकारी पोर्टलवरून ई-इन्व्हॉइसचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो लाइनविना मिळत नाही. म्हणजे आपली बहुतेक विक्री किरकोळ गिऱ्हाइकांना होते की जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांना, यावर लाइनविना चालण्याची सोय कितपत कामाची ते ठरेल. आपण उलाढाल लिहिलेली नाही, त्यामुळे हे उत्तर आपणच आपल्यापुरते पूर्ण करावे.

विक्री प्रतिनिधींपैकी कोणी आयफोन वापरत असेल तर एक बारीक गोष्ट लक्षात असू द्यावी. सफारी ब्राउझर २०२० पासून, सात दिवस ज्या साइटला हात लागलेला नाही तिने फोनवर लिहून ठेवलेली माहिती पुसून टाकतो. होम स्क्रीनवर बसवून घेतलेल्या ॲपला हा नियम लागत नाही. लाइन नसलेल्या गावात घेतलेली ऑर्डर न पाठवता सुट्टीवर गेलेल्या माणसाला परत आल्यावर ती सापडेलच असे नाही.

एवढे वाचून वडील म्हणतील की मग जुने काय वाईट. त्यांना हे सांगावे लागेल की त्यांच्या पायाखालची जमीनही पक्की नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची. पुढची आवृत्ती निघणार नाही असे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही (दुरुस्त्या आणि मदत) संपला. आपली प्रणाली त्याहून जुन्या, डॉसवरच्या फॉक्सप्रोतली असेल, आणि ‘काळा पडदा’ या वर्णनावरून मला तसेच वाटते, तर ती आजच्या संगणकांवरच्या ६४-बिट विंडोजवर थेट चालतच नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिटच येते आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मधले काही प्रोग्राम वापरून ती चालवता येते, पण प्रिंटर बदलला की दिवस वाया जातो. जुनी प्रणाली आणखी किती वर्षे चालेल हे तिच्या गुणांवर अवलंबून नाही. काउंटरवरचा जुना संगणक किती दिवस टिकतो यावर आहे.

तीच सावधगिरी नव्याबाबतही हवी, आणि याचाही मला चटका बसला आहे. सुमारे २००८ साली एका कारखान्यासाठी आम्ही कोटेशन बनवण्याचे अतिशय देखणे सॉफ्टवेअर फ्लॅशवर केले होते. पॅनेलच्या चित्रात मीटर आणि स्विच ओढून बसवले की खाली किंमत बदलत असे. तेव्हा समृद्ध वेब-सॉफ्टवेअर म्हणजे ब्राउझरला जोडायचे एखादे प्लग-इन, असाच रिवाज होता. पुढे मोबाइलच्या ब्राउझरांनी ते टाळले, ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणेच बंद झाले, आणि आमच्या त्या कौतुकाच्या कामातली एक ओळही पुन्हा वापरता आली नाही. २००७ मध्ये आलेल्या सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या तशाच प्लग-इनचा शेवट ऑक्टोबर २०२१ मध्ये झाला. म्हणून विक्रेत्याला विचारावे की आपले सॉफ्टवेअर कोणतीही जोडणी न बसवता साध्या क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आणि स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर चालते का. त्याने ज्या तयार चौकटीवर (फ्रेमवर्कवर) काम केले आहे तिचे नावही विचारावे आणि तिचा आधार अजून चालू आहे का ते पाहावे. उदाहरणार्थ, एके काळी सर्वांच्या तोंडी असलेल्या अँग्युलरजेएसचा आधार २०२१ च्या अखेरीस थांबला, तरी त्यावर उभी असलेली सॉफ्टवेअरे अजून विकली जातात.

इथपर्यंतचा सारांश असा की कारखाना, खरेदी आणि फिरती विक्री नव्या सॉफ्टवेअरवर न्यावी. काउंटरही न्यावा, पण शेवटी आणि वेगळ्या, कीबोर्डवर चालणाऱ्या पडद्यासह. आता प्रात्यक्षिकाच्या वेळी काय पाहावे ते सांगतो, कारण विक्रेत्याच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर आणि त्याच्या दहा ओळींच्या नमुना माहितीवर सर्व काही सुरेखच दिसते.

प्रात्यक्षिक आपल्या गोदामातल्या सर्वांत जुन्या संगणकावर, आपल्याच लाइनवर आणि आपल्या खऱ्या मालयादीवर मागावे. मग दोन फोनवर एकच ऑर्डर उघडावी, एकावर नगसंख्या आणि दुसऱ्यावर दर बदलावा, आणि दोन्हीकडे ‘जतन करा’ दाबावे. फॉक्सप्रोत एकाने नोंद उघडली की दुसऱ्याला ती कुलूपबंद दिसण्याची सोय सहज करता येत असे. वेबवर तसे कुलूप आपोआप नसते आणि निष्काळजीपणे लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मागून जतन करणारा आधीच्याचे काम मुकाट पुसून टाकतो. ‘ही नोंद दरम्यान बदलली आहे’ असा इशारा दुसऱ्या फोनवर आला तर विक्रेता जाणता आहे असे समजावे. त्यानंतर बिल जतन करताना लाइनची वायर काढावी, पुन्हा जोडावी आणि अधीरपणे दोन-तीनदा बटण दाबावे. बिल एकच व्हायला हवे. हे दोन प्रयोग पाच मिनिटांत होतात आणि रंगीत आलेखांनी भरलेल्या तासाभराच्या सादरीकरणापेक्षा त्यांतून अधिक कळते. गिऱ्हाईक शिकून आले आहे हे पाहून विक्रेता किमतीतही जरा खाली येतो, हा माझ्या व्यवसायाच्या विरोधातला अनुभव आहे, पण खरा आहे.

पैशांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण दर प्रत्येक ठिकाणी निराळे असतात. माणशी महिना भाडे असेल तर २२ जणांचे धरू नये. दिवसातून दोनदा स्थिती पाहणाऱ्या हेल्परला स्वतंत्र नाव लागते का ते विचारावे. करार संपल्यावर सर्व माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशा रूपात, जोडलेल्या कागदपत्रांसह मिळेल, हे लेखी घ्यावे. पेढी भागीदारीत असेल तर पुढचे वाक्य सोडून द्यावे. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद करता न येणारी नोंद राहणे कंपनी कायद्याखालील नियमांनुसार आवश्यक आहे, आणि जुन्या फॉक्सप्रोत ती सोय असण्याचा संभव जवळजवळ नाही.

सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत वेळखाऊ काम जुनी माहिती हलवण्याचे असते. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली उघडणे सोपे आहे, पण त्या काळात गिऱ्हाइकांची नावे गुजरातीत टाइप केली असतील तर ती युनिकोडमध्ये (आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नसून एखाद्या विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत असतात आणि नव्या पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. तो फॉन्ट कोणता हे जुन्या संगणकावर आत्ताच पाहून लिहून ठेवावे. एकच केबल तीन नावांनी नोंदलेली असणे हेही ठरलेले. ती नावे एक करण्याचे काम विक्रेत्यावर सोपवू नये, कारण कोणती दोन नावे एकच आहेत हे फक्त आपल्या जुन्या माणसांना ठाऊक असते.

सुरुवात मार्चमध्ये करू नये आणि नवरात्र ते दिवाळी या दिवसांतही करू नये. माझा सल्ला जुलैचा आहे: पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, त्यामुळे विद्युत साहित्याचा काउंटरही जरा शांत असतो. पहिला महिना फक्त कारखाना नव्यावर चालवावा. दुसऱ्या महिन्यात खरेदी आणि गोदाम घ्यावे, आणि महिनाअखेरीचा माल जुन्या व नव्या दोन्ही प्रणालींत जुळतो का ते पाहावे. न जुळल्यास पुढे सरकू नये. काउंटरची पाळी आली की वडिलांनाच तिथे बसवावे, कालची ५० बिले हाती द्यावीत, आणि घड्याळ लावून एकदा काळ्या पडद्यावर व एकदा नव्यावर करून घ्यावीत. नव्यावर ते हळू पडले तर नेमके कोणत्या रकान्याशी अडले ते शेजारी बसून लिहून घ्यावे आणि तो कागद विक्रेत्याकडे पाठवावा. दुरुस्ती होऊन वेळ बरोबरीला येईपर्यंत काउंटर जुन्यावरच राहू द्यावा आणि कराराचा शेवटचा हप्ताही तोवर देऊ नये.